भिंतीवरची उंची

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की आपल्या घरात मोजायची जेवढी साधनं आहेत तेवढी एखाद्या वर्कशॉपमध्येही नसतील. स्वयंपाकघरात ओट्यावर काटा आहे, न्हाणीघराबाहेर वजनाचं मशीन आहे, कपाटाच्या दाराला आतून टेप टांगलेला आहे आणि फ्रिजवर याद्या आहेत. याद्यांची वेगळी यादी मात्र नाही, हे मी त्याला ठणकावून सांगते. त्यावर तो म्हणतो, "अजून नाही." सांगलीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी आयुष्य काढलं. आत येणारा प्रत्येक बोल्ट, प्रत्येक बेअरिंग माझ्या टेबलावर मोजून घेतल्याशिवाय पुढं जात नाही. तिथं कुणी नवीन कामाला लागलं, की पहिल्याच दिवशी मी त्याला बसवून दोन इंग्रजी शब्दांतला फरक सांगते, अ‍ॅक्युरेट आणि प्रिसाइज. दोन्हीला आपण मराठीत 'अचूक' म्हणून मोकळे होतो. मुलं मान डोलावतात, मोबाइलमध्ये लिहून घेतात आणि विसरतात. मीही विसरले असते. पण मला तो फरक पुस्तकातून कळला नाही. तो मला खुरप्यानं खणून काढावा लागला.

आमचं गाव इस्लामपूरच्या पुढं. चारी बाजूंना ऊस, मधून कालवा, आणि गावाच्या वेळा साखर कारखान्याच्या भोंग्यावर. भोंगा झाला की चुली पेटायच्या, दुसरा झाला की शाळेची पोरं पळायची. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले तेव्हा मी सातवीत होते. आल्याआल्या त्यांनी घराची शिस्त हातात घेतली. खुरपी एका खुंटीला, विळे दुसऱ्या खुंटीला, चपला उंबऱ्याबाहेर एका ओळीत, टाचा भिंतीकडं. तांब्या ठेवायची जागासुद्धा त्यांनी खडूनं गोल काढून ठरवली होती. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आवं, ही पलटन न्हाई, घर हाय." भाकरीची थाप मध्येच थांबली की समजायचं, आता आई आणखी काहीतरी बोलणार. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणायचे, चपला मुद्दाम आडव्या टाकायचा. या पलटणीत आनंदानं भरती झालेली मी एकटी. आबांनी सांगायच्या आधी मी चपला सरळ करायचे आणि केल्याचं सगळ्यांना सांगायचे. मला मैत्रिणी का कमी होत्या याचा विचार मी फार उशिरा केला.

दादानं फौजेत जायचं हे घरात कुणी ठरवलं नव्हतं आणि सगळ्यांनी ठरवलेलं होतं. त्याला दुसरं काही नकोच होतं. अभ्यासात त्याचं लक्ष नव्हतं, उसात तर त्याहून नव्हतं; पण पहाटे कालव्याच्या भरावावरून तो धावायला लागला की बघत राहावं. त्याच्याकडं सगळं होतं, फक्त उंचीचा घोर होता. आमच्या घरात आईकडची माणसं ठेंगणी. मग खाण्यापिण्यानं त्याला ताणायचा कार्यक्रम सुरू झाला. रात्री भिजवलेले हरभरे सकाळी, दुधात उकळलेली खारीक, नाक दाबून गिळलेलं कच्चं अंडं, आणि परसातल्या चिंचेच्या फांदीला लोंबकळणं. खारीक हे आईचं शास्त्र होतं, लोंबकळणं आबांचं. मापाचं खातं माझ्याकडं आलं.

आबांनी दाराला लावून उरलेला ऑइलपेंट मला दिला. शाळेतून लाकडी मीटरपट्टी मागून आणली आणि माजघराच्या भिंतीवर मी जमिनीपासून वर उंचीची पट्टी रंगवली. अगदी तळाला, जमिनीला टेकून, शून्याची हिरवी रेघ. वर, फौजेला हव्या असलेल्या उंचीवर लाल रेघ. तिच्या शेजारी आबांनी स्वतःच्या अक्षरात 'भरती' असं लिहिलं. दर रविवारी सकाळी दादा तिथं उभा राहायचा. पाय अनवाणी, टाचा भिंतीला, हनुवटी सरळ. मी स्टुलावर चढून सुताराचा काटकोनी गुण्या त्याच्या डोक्यावर टेकवायचे. एकदा मोजून माझं भागायचं नाही. तो बाजूला व्हायचा, परत उभा राहायचा, परत मोजायचं, असं तीनदा.

"श्वास सोड," मी म्हणायचे.

"सुमे, मी बाजारातला बोकड हाय व्हय?"

"बोकड एवढं बोलत न्हाई. हल नको."

तिन्ही वेळा एकच आकडा यायचा, केसभरही इकडंतिकडं नाही. त्या एका आकड्याचा मला इतका गर्व होता, की दादाची उंची हे माझंच कर्तृत्व असल्यासारखी मी वावरत असे. चार वर्षं हा रविवार चालला. दादा रेघेखाली होता, रेघेला टेकला, आणि शेवटी रेघेच्या वर पूर्ण एक सेंटिमीटर गेला. त्या दिवशी आईनं पुरण घातलं.

फौजेत होऊन गेलेल्यांच्या मुलांना उंचीत दोन सेंटिमीटरची सवलत असायची. बापानं आपल्या पलटणीकडून नात्याचा दाखला मागवायचा, मुलानं तो भरतीला न्यायचा. आई म्हणाली, "आणून ठिवा की कागूद. काय भाकरी खातोय का त्यो?"

"सवलत बुटक्यांना," आबा म्हणाले. "माझं पोरगं रेघंच्या वर हाय. सुमननं मापलंय." आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी स्टुलावर होते, म्हणजे सगळ्यांपेक्षा उंच.

साताऱ्याच्या भरतीला दादा दाखल्याशिवाय गेला. संध्याकाळी परत आला तो चपला न काढता उंबऱ्यावर बसला. भरतीत छातीवर खडूनं लिहिलेला आकडा तसाच होता. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. धावण्यात तो त्याच्या गटात दुसरा आला होता. बीमला, म्हणजे आडव्या दांड्याला, लोंबकळून त्यानं हवं तेवढ्या वेळा अंग वर उचललं होतं. मग उंचीच्या दांड्याखाली उभा केला, आणि दांडा धरणाऱ्यानं एका शब्दात सांगितलं, बाहेर.

"कितीनं?" आबांनी विचारलं.

"दोन सेंटिमीटर."

आम्ही सगळ्यांनी एकदम भिंतीकडं बघितलं. दादाला मी तशाच धुळीच्या पायांनी उभा केला. गुण्या टेकवला, एकदा, दोनदा, तीनदा. रेघेच्या वर एक सेंटिमीटर. जन्मात पहिल्यांदा आबांच्या तोंडून मी फौजेविरुद्ध शब्द ऐकला. ते म्हणाले, "दांडा धरणारा डुलक्या घेत असंल." दादा भिंतीला टेकून तसाच उभा राहिला. सांगलीला पुढची भरती होती, आणि त्यानंतर तो वयाच्या अटीत बसणार नव्हता. म्हणजे ती एकच संधी उरली होती, आणि घरच्यांना एवढंच कळत नव्हतं की या पोराची उंची खरी किती. मला मात्र पक्कं कळत होतं. माझ्याजवळ पुरावा होता. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी दादाचं वाईट वाटण्यापेक्षा फौजेची चूक धरल्याचा आनंद मला जास्त झाला होता.

मी तेव्हा इस्लामपुरात अकरावी सायन्सला होते. अकरावीच्या मुलीला वाटतं की इंग्रजीत अर्ज केला की सरकार हलतं. डिक्शनरी घेऊन मी भरतीच्या साहेबांना अर्ज लिहायला बसले. 'अचूक'ला दोन शब्द सापडले. कुठला घ्यावा हे कळेना, म्हणून दोन्ही घेतले. आमचं माप अ‍ॅक्युरेट आणि प्रिसाइज आहे, असं ठणठणीत वाक्य झालं. इंग्रजी तपासून घ्यावं म्हणून अर्ज घेऊन मी फिजिक्सच्या सरांकडं गेले. सर बारीक आवाजात बोलायचे, त्यामुळं वर्ग गप्प बसायचा.

"हे दोन शब्द का?" सरांनी विचारलं.

"एकानं भागलं नाही तर दुसरा असावा म्हणून, सर."

"बरं. तीनदा मोजलंस, तिन्ही वेळा तेच आलं, याला म्हणायचं प्रिसाइज. तो शब्द तुझा, ठेव. आता आलेलं माप खऱ्या उंचीला धरून असेल तर अ‍ॅक्युरेट. हा कशावरून लिहिलास?"

"तीनदा तेच आलं म्हणून, सर."

सर हसले नाहीत. ते हसले असते तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, "समज, तुमच्या कारखान्याचा भोंगा उद्यापासून रोज दहा मिनिटं उशिरा व्हायला लागला. गावातली सगळी घड्याळं त्याच्यावर लावलेली. एकमेकांशी जुळतील?"

"जुळतील, सर."

"आणि तुझी एसटी?"

माझी एसटी रोजच थोडक्यात मिळत असे.

"ज्याची उंची आधीच ठाऊक आहे असा एखादा माणूस त्या भिंतीला उभा कर," सर म्हणाले. "मग अर्ज आण."

आज मी हाच सल्ला स्वतःचा असल्यासारखा देते. मोजायचं नवीन गेज आलं की आधी त्याला माहीत असलेला तुकडा दाखवायचा, मगच त्याच्यावर विश्वास ठेवायचा. तेव्हा मात्र मी एसटीत खिडकीला डोकं टेकवून सरांना मनातल्या मनात हरवत होते. ज्याची उंची ठाऊक आहे असा माणूस आमच्या घरातच होता. आबांच्या डिस्चार्ज बुकात त्यांची उंची फौजेनं शिक्का मारून लिहिलेली होती. आबा भिंतीला उभे राहिले की सरांचं तोंड बंद होणार होतं.

आबा उभे राहिले. सावधान. मी गुण्या टेकवला, तीनदा मोजलं आणि डिस्चार्ज बुक उघडलं. भिंतीवरचे आबा पलटणीतल्या आबांपेक्षा तीन सेंटिमीटरनं उंच होते.

पहिल्यांदा ते खूश झाले. "बघ," आईला म्हणाले, "घरचं खाल्लं की माणूस वाढतो."

"पन्नाशीत?" आई म्हणाली. "मग मला बी मापा."

आईला मोजायची गरज पडली नाही. आबांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. ते भिंतीपासून दूर झाले, मागं वळून पट्टीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "एक तर पलटन खोटं बोलती, न्हाई तर ही भिंत." आणि रायफलीविषयी बोलावं तसं पुढं म्हणाले, "ग्रुप बरूबर बसलाय, पोरी. सगळ्या गोळ्या एकाच ठिकाणी. पण झिरो हाललाय."

झिरो. मी खाली वाकले. भिंत जिथं जमिनीला टेकत होती तिथं हिरवी रेघ नव्हती. ती कधीपासून नव्हती हे मला सांगता येईना, कारण चार वर्षं मी फक्त वर बघत होते. खुंटीवरचं खुरपं काढलं आणि भिंतीच्या बुडाशी खणायला लागले. शेणानं सारवलेली जमीन पापुद्र्यापापुद्र्यानं निघत होती. पहिला पापुद्रा कालचा, ओलसर. त्याच्या खाली दुसरा, तिसरा, मग मुरूम. एका थरात दिवाळीच्या रांगोळीचा गुलाबी चुरा होता, त्याच्या खालच्यात पुन्हा गुलाबी. आणि त्या सगळ्याच्या खाली, माझ्या हातानं काढलेली हिरवी रेघ, काल काढल्यासारखी.

"आगं भवाने, कालच सारवलंय की," आई ओरडत आली. मग तिनं आबांचं, दादाचं आणि माझं तोंड बघितलं, आणि त्या कोपऱ्यात ती काय करते ते तिनंच सांगितलं. दर रविवारी माणसं टाचा रोवून उभी राहायची, म्हणून तिथं खळगा पडायचा. आई सोमवारी खळग्यापेक्षा जरा जास्तच मुरूम टाकून तो बुजवायची, चोपायची, वरून सारवायची. जमीन वर येत होती आणि जमिनीवर उभा राहून दादाही. आईनं खड्ड्यात बोट घालून पाहिलं. "मला काय म्हाईत, त्या कोपऱ्यात शाळा भरलीय," ती म्हणाली. "सांगायचं न्हाईस व्हय?"

दादा त्या दिवसांत पहिल्यांदा हसला. इतका हसला की त्याला ठसका लागला. मला ते हसणं आवडलं नाही. मी खुरपं धुवून खुंटीला लावलं आणि अर्ज चुलीत घातला. त्यावर दूध तापलं.

आबांनी दुसऱ्याच दिवशी पलटणीला दाखल्यासाठी लिहिलं. बुटक्यांच्या सवलतीसाठी. त्याविषयी घरात कुणी बोललं नाही, आईसुद्धा नाही, आणि आई सोडून द्यायची बाई नव्हती. दाखला वेळेत आला. पण फौजेनं सांगितलेली कमी दोन सेंटिमीटर, सवलतही दोन सेंटिमीटर. म्हणजे दादा बरोबर काठावर. या वेळी मी भिंतीला विचारलं नाही. इस्लामपूरच्या डॉक्टरांकडं लोखंडी दांड्याचं उंचीमापक होतं, तिथं दादाला एकदा सकाळी नेला आणि एकदा संध्याकाळी. सकाळी तो काठाला टेकत होता, संध्याकाळी काठाखाली होता. डॉक्टर म्हणाले, माणूस झोपून उठला की जरा लांब असतो, दिवसभर उभा राहिला, बसला की दबतो. सांगलीला उभ्यानं एसटीत गेला असता तर आमचा दादा वाटेतच फेल झाला असता.

मग मी जे नियोजन केलं त्याची घरात आजही टिंगल होते. दादानं सांगलीला झोपून जायचं. तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, टेम्पो होता. त्यात उसाचं पाचट पसरलं, वर गादी घातली आणि पहाटे दादाला अंथरुणातून उठवून पाच पावलांत टेम्पोत आडवा केला. उठून बसायचं नाही, अशी माझी सक्त ताकीद होती. तात्या म्हणाले, "गाव सोडून आडवं जायाला लोकांनी माझा टेम्पो लय येळा नेला. भरतीला पयलीच खेप." उंबऱ्यातून आईनं त्यांच्याकडं असं काही बघितलं, की त्यांनी निमूट गाडी सुरू केली. फाट्यावर चहाला थांबलो तर एका म्हाताऱ्यानं टेम्पोच्या मागच्या फळीवरून आत डोकावलं. "काय झालं ओ पोराला?"

"काय न्हाई," आबा म्हणाले. "उंच करायला चाललोय."

दादा गादीवर पडून आकाशाकडं बघत होता. "सुमे," तो म्हणाला, "नाक खाजवू का? का त्यानं बी उंची जाती?"

मैदानाच्या फाटकातून तो आत गेला तेव्हा त्याच्या पाठीला पाचट चिकटलेलं होतं. आबा, तात्या आणि मी, आम्ही तिघं बाहेर. नियम सोपा होता. जो फेल झाला तो बाजूच्या लहान दारातून बाहेर यायचा. जो पास झाला त्याला मेडिकलसाठी आतच ठेवायचे. म्हणजे आत काय चाललंय हे कळायची एकच खूण, दार उघडणं. पहिल्यांदा धावण्यात मागं पडलेल्यांचा लोंढा आला, घामानं खडूचे आकडे विरघळलेले. दर चेहऱ्यावर माझी नजर ठेचकाळत होती. मग बीमवाले आले, दंड चोळत. मग बराच वेळ कुणी नाही, आणि मग उंचीवाले एकेकटे यायला लागले. ते ओळखू यायचे. बाहेर आल्यावरही काही पावलं ते ताठ चालायचे.

आबा दाराकडं बघत नव्हते. त्यांनी दाराकडं पाठ केली होती. दार वाजलं की त्यांचे खांदे थोडे वर जायचे. "कोण हाय?" ते विचारायचे, आणि मी सांगायचे, "आपला न्हाई." डब्यातल्या दशम्या कुणी खाल्ल्या नाहीत. ऊन वर आलं. एक मुलगा दारातून आला तो अगदी दादासारखा, तसाच शर्ट. आबा म्हणाले, "सांग." तेवढ्यात त्या मुलानं मान वर केली. "आपला न्हाई," मी म्हणाले.

मग दारावरच्या जवानानं दाराला कडी लावली. आबा त्याच्याजवळ गेले. दोघं काहीतरी हिंदीत बोलले, पलटणीतली माणसं बोलतात तसं, थोडक्यात. आबा परत आले, टोपी काढली, झटकली, परत घातली.

"चला," ते म्हणाले. "आता कुणी यायचं न्हाई."

परतीच्या वाटेवर टेम्पोत गादीवर मी एकटी बसले. गावात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. आई उंबऱ्यात उभी होती. तिनं आधी पुढं बघितलं, तात्या आणि आबा. मग मागं येऊन फळीला धरून आत बघितलं.

"दादा कुठाय?"

आबा अजून गाडीतून उतरत होते.

"आला न्हाई," मी म्हणाले.

आईनं फळी सोडली नाही. "न्हाई आला?"

"न्हाई. मेडिकल झालं की परवा ईल."

"ईल की," आई म्हणाली. "पण आता पावन्यागत." तिनं फळीवरून हात लांब करून गादीवरचं पाचट वेचलं, मूठभर, आणि टाकायला जागा बघत उभी राहिली. मग ते तसंच हातात घेऊन आत गेली. तात्या टेम्पो घेऊन आपल्या घरी गेले. आबा आणि मी हातपाय धुऊन आलो तर चूल पेटलेली होती. "तिघांचंच वाढते मग," ती म्हणाली, आणि मांडणीवरून चार ताटं काढली.